केप्लरच्या आईचा खटला

शाळेच्या पुस्तकात योहान्स केप्लरचे तीन नियम असतात. ग्रह लंबवर्तुळात फिरतात. सूर्याच्या जवळ आले की त्यांचा वेग वाढतो. आणि ग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर व एका फेरीला लागणारा काळ यांचं ठरावीक गणित असतं. यातला तिसरा नियम केप्लरला १६१८ साली सापडला आणि पुढच्या वर्षी ‘हार्मोनिसेस मुंडी’ या ग्रंथात छापून आला. त्या वेळी त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आळ येऊन तीन वर्षं उलटली होती. हे प्रकरण पुढे १६२१पर्यंत चाललं. केप्लरने आपलं ग्रहांचं काम बाजूला ठेवून त्यात वकिली केली, आणि त्याची कागदपत्रं आजही शाबूत आहेत. युरोपात चेटकिणींचे खटले कसे उभे राहत आणि क्वचित कसे कोसळत, हे इतक्या बारकाईने दाखवणारी प्रकरणं फार थोडी आहेत.

काटारिना केप्लरचा जन्म १५४७च्या सुमाराचा. आजच्या दक्षिण जर्मनीतल्या व्यूर्टेम्बर्ग संस्थानात एल्टिंगेन नावाचं गाव होतं, तिथल्या खाणावळवाल्याची ही मुलगी. बाप गावचा प्रमुखही होता. नवरा हाइनरिख भाडोत्री सैनिक. परमुलखातल्या लढायांवर जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा; आणि एकदा गेला तो आलाच नाही. जगलेली चार मुलं तिने जवळच्या लेओनबर्ग गावात वाढवली, थोडीफार जमीन सांभाळली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जडीबुटीची माहिती मात्र होती, आणि दुखण्याखुपण्याला ती शेजारपाजाऱ्यांना काढे द्यायची. स्वभावाने फटकळ, भांडकुदळ आणि दुसऱ्याच्या घरात नको तितकं लक्ष घालणारी. हे वर्णन तिच्या शत्रूंचं नाही, खुद्द योहान्सने केलेलं आहे.

भांडण सुरू झालं ते चारचौघांसारखंच. काचा बसवणाऱ्या याकोब राइनबोल्डची बायको उर्सुला हिचं आणि काटारिनाच्या धाकट्या मुलाचं, क्रिस्टोफचं, व्यवहारावरून बिनसलं. क्रिस्टोफने रागाच्या भरात तिच्या पूर्वायुष्याचे वाभाडे काढले. उर्सुला बरीच वर्षं आजारी होती. आता तिला आठवलं, की पूर्वी एकदा काटारिनाच्या घरी आपण काहीतरी कडू प्यायलो होतो आणि दुखणं लागलं ते त्यानंतरच. तिचा भाऊ राजघराण्याच्या पदरी न्हावी आणि शल्यवैद्य होता. त्या काळात ही दोन्ही कामं एकच माणूस करी. ऑगस्ट १६१५मध्ये हा भाऊ आणि लेओनबर्गचा सरकारी कारभारी लुथेरस आइनहोर्न यांनी दारूच्या नशेत काटारिनाला बोलावून घेतलं. भावाने तलवारीचं टोक तिच्या छातीला लावलं: माझ्या बहिणीवरची करणी काढ.

त्या क्षणी तिने घाबरून एखादा काढा देऊ केला असता, तर तोच कबुलीजबाब ठरला असता. जी करणी काढू शकते तिनेच ती घातली असणार, हा त्या काळचा सरळ हिशोब होता. सत्तरीला पोचलेली काटारिना बधली नाही. मी तिला आजारी पाडलेलं नाही, मग बरी कुठून करू, असंच ती सांगत राहिली.

त्यानंतर तिने आणि तिच्या कुटुंबाने जे केलं ते धाडसाचं होतं. त्यांनी राइनबोल्ड कुटुंबावर अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. म्हणजे या प्रकरणात काटारिना पहिल्यांदा न्यायालयात आली ती फिर्यादी म्हणून. पण सुनावणी ठरवणं आइनहोर्नच्या हाती होतं, आणि तलवारीच्या प्रसंगाला तो स्वतः हजर होता. एक वर्षाहून अधिक काळ सुनावणी लागलीच नाही. हा आइनहोर्न १६१३ ते १६२९ या आपल्या कारकिर्दीत पंधरा बायकांवर चेटकाचे आरोप ठेवणार होता आणि त्यांतल्या आठ जणींचा मृत्युदंड अमलात आणणार होता.

अखेर ऑक्टोबर १६१६मध्ये सुनावणी ठरली, आणि नेमकी आदल्या काही दिवसांत एक नवी साक्ष उगवली. विटा वाहून नेणाऱ्या मुलींच्या घोळक्याला अरुंद वाटेवर काटारिना भेटली होती. तिच्या हाताचा झटका लागला आणि आपला हात बधिर झाला, असं त्यांतली एक मुलगी सांगू लागली. आइनहोर्नने तो हात पाहिला आणि ही चेटकिणीचीच पकड आहे असा निर्वाळा दिला. घाबरलेल्या काटारिनाने त्याला गाठून, प्रकरण वर पाठवू नका म्हणून चांदीचा पेला देऊ केला. एवढी एकच चूक तिने केली, आणि ती सरळ तिच्याविरुद्धच्या पुराव्यात गेली. फिर्यादीची आता आरोपी झाली.

इथे थोडं थांबून ही सगळी यंत्रणा समजून घ्यायला हवी, कारण तिच्याविषयी अनेक गैरसमज रूढ आहेत. चेटकिणींना जाळणं हे मध्ययुगातलं प्रकरण समजलं जातं. प्रत्यक्षात सर्वाधिक खटले साधारण १५६० ते १६३० या काळातले आहेत. छपाई, विद्यापीठं आणि नवं खगोलशास्त्र यांचाच हा काळ. लाखो बायका जाळल्या गेल्याचे आकडे ऐकू येतात. नव्वद लाखांचा एक आकडा तर अठराव्या शतकातल्या एका चुकीच्या अंदाजावरून चालत आलेला आहे. आज इतिहासकार जी संख्या मानतात ती युरोपभरातून चाळीस ते साठ हजार मृत्युदंडांची. त्यांतले निम्म्याच्या आसपास जर्मन भाषक मुलखात झाले आणि मारल्या गेलेल्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक बायका होत्या. सगळीकडे मात्र तसं नव्हतं. आइसलँडमध्ये जाळले गेलेले जवळजवळ सगळे पुरुष होते. आणि हे खटले मुख्यतः धर्मपीठांनी नव्हे, तर साध्या सरकारी न्यायालयांनी चालवले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांच्याही राज्यांत चालवले. लेओनबर्ग लुथरपंथी होतं.

खवळलेला जमाव मशाली घेऊन धावला आणि म्हातारी जाळली, असंही बहुतेक ठिकाणी झालेलं नाही. साक्षी नोंदवल्या गेल्या, कारकुनांनी जबान्या लिहिल्या, विद्यापीठांतल्या कायदेपंडितांचे अभिप्राय मागवले गेले, लाकडाचा आणि पहारेकऱ्यांचा खर्च वहीत मांडला गेला. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या १५३२च्या दंडसंहितेत जादूने इजा करणाऱ्याला जाळण्याची शिक्षा होती. मृत्युदंडासाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा कबुलीजबाब लागे. चेटकाला प्रत्यक्षदर्शी कुठून मिळणार? मग उरला कबुलीजबाब, आणि तो मिळवण्यासाठी छळ. छळालाही संहितेने अटी घातल्या होत्या; पुरेसा संशय असल्याशिवाय तो करता येत नसे. पण पुरेसा म्हणजे किती, हे स्थानिक न्यायाधीश ठरवणार. छळाखाली पहिली बाई कबूल झाली की तिला विचारलं जाई, सैतानाच्या मेळाव्यात आणखी कोण होतं? ती जी नावं घेई त्यांना उचललं जाई. त्यांनाही तोच प्रश्न.

बांबेर्ग शहरात ही साखळी नगराध्यक्षापर्यंत पोचली. योहानेस युनियस या नगराध्यक्षाने जुलै १६२८मध्ये तुरुंगातून आपल्या मुलीला, वेरोनिकाला, चोरून पत्र पाठवलं. अंगठे चेपण्याच्या यंत्राने त्याच्या हातांची इतकी दशा झाली होती की ते पत्र लिहायला त्याला कित्येक दिवस लागले. आपण निर्दोष आहोत, छळ सोसवेना म्हणून सगळं खोटं रचून सांगितलं, आणि काहीतरी कबूल करून टाका अशी गळ खुद्द छळ करणाऱ्यानेच घातली, असं त्यात आहे. पत्र मुलीला मिळालं की नाही सांगता येत नाही, कारण ते खटल्याच्या कागदांत सापडलं. पुढच्याच महिन्यात युनियसला मारण्यात आलं.

काटारिनावरच्या आरोपांची यादी वाढत वाढत ४९ कलमांवर गेली. कलमं वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यांतलं एकही विलक्षण नाही. कसायाची मांडी दुखली. शिंप्याची मुलं दगावली. कोणाची तरी जनावरं विचित्र वागून मेली. गावचा शिक्षक लंगडा झाला. हा शिक्षक योहान्सचा बालपणीचा सोबती. योहान्सची पत्रं काटारिनाला वाचून दाखवणारा माणूस. आता तो सांगत होता, की तिच्या घरी प्यायलेल्या दारूमुळे पाय गेला. पूर्वी युद्धावरून परतलेला तिचा एक मुलगा खाण्यापिण्यावरून चिडून तिला चेटकीण म्हणाला होता. तो तोवर वारला होता, पण त्याचं वाक्य जिवंत राहिलं. आपल्या बापाची कवटी उकरून द्यावी, तिला चांदी मढवून पेला करायचा आहे, असं काटारिनाने कधीकाळी कबर खणणाऱ्याला विचारलं होतं, हेही खरं निघालं. पूर्वी लोक असे पेले वापरत हे तिने प्रवचनात ऐकलं होतं आणि तो पेला तिला योहान्ससाठी हवा होता. चालत नाही म्हटल्यावर तिने विषय सोडून दिला होता. दहा-वीस वर्षांतलं प्रत्येक दुखणं, प्रत्येक मरण आणि प्रत्येक विचित्र बोलणं एकदा चेटकीण हा शब्द पडल्यावर त्या एका शब्दाखाली गोळा झालं. त्याआधी त्या दुखण्यांना कोणी करणी म्हटलं नव्हतं.

योहान्स तेव्हा आजच्या ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात होता. त्याला हे सगळं बहिणीच्या, मार्गारेटेच्या पत्रातून डिसेंबर १६१५मध्ये कळलं. त्याने लेओनबर्गच्या पंचांना अतिशय संतापलेलं पत्र लिहिलं. पुढच्या वर्षाअखेरीस आईला लिंत्सला आणलं. पण गाव सोडणं म्हणजे गुन्ह्याची कबुली असं लोक बोलू लागले, आणि तिलाही परमुलखात करमेना. ती काही महिन्यांनी परत गेली. १६१७च्या शरदात योहान्स स्वतः तिच्यासाठी व्यूर्टेम्बर्गला आला. त्या प्रवासात तो गॅलिलिओच्या वडिलांचं संगीतावरचं पुस्तक वाचत होता. ग्रहांच्या गतीतली सुरावट शोधणारा त्याचा ग्रंथ याच दगदगीत आकाराला आला.

७ ऑगस्ट १६२०च्या रात्री शिपाई हॉयमाडेन गावात मार्गारेटेच्या घरी आले. तिचा नवरा तिथला पाद्री. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांनी काटारिनाला कपड्यांच्या पेटाऱ्यात घालून बाहेर काढलं. आपली बदनामी नको म्हणून क्रिस्टोफने खटला लेओनबर्गबाहेर चालवण्याची विनंती केली, आणि तिला ग्यूग्लिंगेनच्या तुरुंगात साखळदंडाने जखडून ठेवण्यात आलं. पहाऱ्याला दोन माणसं. त्यांचा खर्च आणि सरपणाचा खर्च तिच्याच मालमत्तेतून. एक मुलगा हात झटकून मोकळा झाला होता, जावई कचरत होता. मुलगी मात्र शेवटपर्यंत ठाम राहिली, आणि योहान्स आपलं बिऱ्हाड रेगेन्सबुर्गला हलवून सप्टेंबरमध्ये येऊन पोचला. आरोपी दुर्दैवाने आपल्या गणिती मुलाला सोबत घेऊन हजर झाली आहे, अशी नोंद कारकुनाने केली. दुर्दैवाने, असंच त्याने लिहिलं. चेटकिणीच्या बाजूने असा कोणी उभा राहील, याची त्या न्यायालयाला सवयच नव्हती.

ट्यूबिंगेनचा कायदेपंडित क्रिस्टोफ बेसोल्ड हा योहान्सचा मित्र. दोघांनी ठरवलं, की बचाव तोंडी करायचा नाही. सगळं लेखी द्यायचं. त्यामुळे प्रत्येक आरोपाला तारीख द्यावी लागली, साक्षीदाराला काय माहीत होतं आणि कधी माहीत झालं हे सांगावं लागलं. ऑगस्ट १६२१मध्ये दाखल झालेलं अखेरचं बचावपत्र १२८ पानांचं होतं. त्यातली पद्धत ओळखीची वाटते, कारण मंगळाच्या कक्षेचा छडा लावणाऱ्या माणसाचीच ती पद्धत आहे: आधी निरीक्षण काय, कोणाचं, केव्हाचं, आणि ते मांडलेल्या कल्पनेशी जुळतं का. विटा वाहणाऱ्या मुलीचा हात? जड ओझं वाहिल्यावर हात बधिर होतोच, आणि तो पुढे आपोआप बरा झाला. शिक्षकाचा पाय? ओझं घेऊन चर ओलांडताना मारलेली उडी. उर्सुलाचं दुखणं? त्याची सुरुवात सांगितलेल्या तारखेच्या आधीची, आणि मूळ पूर्वी घेतलेल्या जालीम औषधांत. गावात त्या वर्षांत इतरही लोक अशाच दुखण्यांनी मेले, ज्यांचा काटारिनाशी संबंध आला नव्हता. ती रडत नाही हाही पुरावा धरला गेला होता, कारण चेटकिणीला अश्रू येत नाहीत असा समज होता. आयुष्यात इतकं रडले की आता पाणी उरलं नाही, असं तिने स्वतःच सांगितलं होतं.

चेटकिणी नसतात, असं मात्र केप्लर कुठेही म्हणाला नाही. त्याच्या काळातल्या बहुतेक शिकलेल्या माणसांप्रमाणे त्यालाही ते म्हणायचं नव्हतं. त्याच्या मनाला एक वेगळीच टोचणी होती. चंद्रावरच्या प्रवासाची ‘सोम्नियम’ ही कथा त्याने या खटल्याच्या कित्येक वर्षं आधी लिहिली होती, आणि तिच्यातल्या नायकाची आई जडीबुटी विकते, आत्म्यांना बोलावते. हस्तलिखित लोकांच्या हाती गेलं, कुजबुज झाली आणि संकट आईवर ओढवलं, असं तो पुढे समजत राहिला. खटल्याच्या कागदांत त्या कथेचा उल्लेख नाही. खटल्याचा त्या कथेशी संबंध असावा असं आजच्या अभ्यासकांना वाटत नाही, आणि त्यांचंच बरोबर दिसतं: लेओनबर्गला चेटकीण शोधण्यासाठी पुस्तकाची गरज पडली नसती.

ट्यूबिंगेनच्या कायदेपंडितांनी निकाल दिला तो अर्धवट. पुरावा छळ करण्याइतका नाही, पण सोडून देण्याइतकी ती निर्दोषही ठरत नाही. म्हणून तिला छळाची हत्यारं दाखवून भीती घालावी. २८ सप्टेंबर १६२१ला तिला छळाच्या खोलीत नेलं. छळ करणाऱ्याने एकेक हत्यार दाखवून त्याचा उपयोग सांगितला. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई म्हणाली, की अंगातली एकेक शीर ओढून काढलीत तरी कबूल करण्याजोगं माझ्याकडे काही नाही. मग गुडघे टेकून तिने प्रार्थना म्हटली. तिच्या तोंडून दुसरं काहीच निघालं नाही. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिची सुटका झाली. ती परत आली तर जिवे मारू, असं लेओनबर्गमध्ये लोक बोलत होते. एप्रिल १६२२मध्ये ती वारली.

तिच्या सुटकेच्या साधारण दहा वर्षं आधी, स्पेनच्या बास्क मुलखात, पुरावा कुठे आहे हाच प्रश्न एका न्यायाधीशाने विचारला होता, आणि तो चक्क इन्क्विझिशनचा, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाचा, न्यायाधीश होता. नोव्हेंबर १६१०मध्ये लोग्रोन्यो शहरात सहा जणांना जिवंत आणि तुरुंगात मेलेल्या पाच जणांच्या पुतळ्यांना जाळण्यात आलं. त्यानंतर आलोन्सो दे सालाझार फ्रियास या न्यायाधीशाला गावोगाव फिरून कबुलीजबाब नोंदवायला पाठवलं गेलं. १६११ ते १६१२ या दौऱ्यात त्याने १,८०२ जणांच्या जबान्या घेतल्या. त्यांतली १,३८४ लहान मुलं होती. चेटकाची म्हणून आणलेली मलमं त्याने वैद्यांकडून तपासली, जनावरांना खाऊ घातली. काहीही झालं नाही. सैतानाचा मेळावा भरतो म्हणतात त्या जागी ठरल्या रात्री त्याची माणसं जाऊन बसली. तिथे कोणीच आलं नाही. त्याने वरिष्ठांना कळवलं, की चेटकाबद्दल बोलणं-लिहिणं सुरू होईपर्यंत त्या भागात चेटकिणीही नव्हत्या आणि बाधा झालेली माणसंही नव्हती. १६१४मध्ये इन्क्विझिशनच्या वरिष्ठ मंडळाने पुराव्याचे नियम कडक केले आणि स्पेनमध्ये त्याच्या अमलाखालची ही जाळपोळ जवळपास संपली. जर्मन मुलखात फ्रिडरिश स्पे या जेझुइट पाद्रीने १६३१मध्ये नाव न घालता एक ग्रंथ छापला आणि छळच चेटकिणी निर्माण करतो हे एकेक मुद्दा घेऊन मांडलं. छळयंत्रावर चढवलं तर न्यायाधीश आणि धर्मगुरूही चेटकी ठरतील, हा त्याचा सवाल होता. त्याचं उत्तर कोणाकडेही नव्हतं.

केप्लर, सालाझार आणि स्पे यांच्यापैकी कोणीही सैतान नाकारला नव्हता. त्यांनी फक्त पुरावा मागितला. विश्वास बराच नंतर सुटला. खटले त्याआधी कोसळू लागले, ते जिथे वरच्या न्यायालयांनी खालच्या न्यायालयांचे कागद तपासायला घेतले तिथे. या विषयात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. अमेरिकेतल्या सेलेममध्ये १६९२ साली एकोणीस जणांना फाशी दिल्यावर, केवळ पीडितालाच दिसणाऱ्या भुताटकीच्या साक्षी यापुढे चालणार नाहीत असं ठरलं, आणि खटले पटापट सुटले. फ्रान्समध्ये १६८२ला, ब्रिटनमध्ये १७३५ला कायदा बदलला. स्वित्झर्लंडच्या ग्लारुसमध्ये मात्र १७८२ सालीही आना ग्योल्डी या मोलकरणीला मारण्यात आलं. तिचं निर्दोषत्व २००८ साली अधिकृतपणे मान्य झालं.

हे फक्त युरोपातलं नाही. महाराष्ट्रातही सातपुड्याच्या गावांत डाकीण म्हणून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. तिथेही दुखणं, मेलेलं मूल, आटलेली गाय आणि जमिनीचं जुनं भांडण हेच असतं. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला, आणि काही दिवसांतच अध्यादेश व डिसेंबरमध्ये कायदा आला. अमकी व्यक्ती करणी करते, जनावरांचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असं भासवून तिचं जगणं कठीण करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. जादू असते की नसते, या वादात कायदा शिरत नाही. तो आरोप करणाऱ्याला जाब विचारतो. काटारिना १६१५ साली न्यायालयात हीच फिर्याद घेऊन गेली होती आणि एक वर्षाहून अधिक काळ तिची दाद कोणी घेतली नव्हती. आपल्या गावात, वस्तीत कोणाला डाकीण किंवा चेटकीण म्हटलं जात असेल, तर ही तक्रार पोलीस ठाण्यात नेता येते. त्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. आणि ती पीडित बाईनेच नेली पाहिजे असं नाही. तिच्या बाजूने पहिल्याच दिवशी कोणीतरी सोबत जावं.